साहस हवे, पण कोणाच्या भरवशावर?

वार्षिक परीक्षा आटोपत आल्या, की धुळे शहरातील सुशिक्षित घरांतून अलीकडे दरवर्षी एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते. पूर्वी सुटीतला प्रश्न आजोळी केव्हा जावयाचे, एवढाच असे. आता शाळेच्या फाटकापाशी शिबिरांची रंगीत पत्रके वाटली जातात. दोरावरून कडा उतरणे, तारेवरून दरी ओलांडणे, रात्री रानात तंबूत राहणे, नदी पार करणे, असा पाच-सात दिवसांचा भरगच्च कार्यक्रम त्यांत असतो आणि वयोमर्यादा ‘सात वर्षांपासून पुढे’ अशी उदारपणे छापलेली असते. मुलगा धीट होईल, असे वडिलांना वाटते. आईच्या मनात मात्र काळजीने घर केलेले असते. शेवटी शेजारच्या घरातला मुलगा जातो आहे, एवढ्याच आधारावर निर्णय होतो. मुलाच्या जिवाशी संबंध असलेला निर्णय इतक्या तकलादू आधारावर व्हावा, हे आम्हांस उचित वाटत नाही. म्हणूनच सुटी लागण्यापूर्वीच या विषयाचा शांतपणे विचार व्हावा, या हेतूने आम्ही आज तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. साहसाला आमचा विरोध नाही. दोन-तीन खोल्यांच्या घरात, शिकवणीच्या वर्गात आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढे वाढणाऱ्या मुलाला डोंगर, रान आणि मोकळे आभाळ यांची नितांत गरज आहे. सुदैवाने आपल्या खानदेशात यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. लळिंगचा किल्ला तर मुंबई-आग्रा रस्त्यावर शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. सोनगीर आहे, साक्रीकडे भामेर आहे, चाळीसगावजवळ पाटणादेवीचे रान आहे आणि सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळ आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चढून गेलेले मूल खाली येते, तेव्हा त्याच्या चालण्यात काहीतरी बदललेले असते. शिक्षकाच्या पेशात काही वर्षे घालविलेल्या कोणासही हे सांगावे लागणार नाही. वर्गात तोंड न उघडणारा विद्यार्थी डोंगरावर दुसऱ्याचा हात धरून त्याला वर ओढून घेतो, हा अनुभव पाठ्यपुस्तकातून देता येत नाही.

त्याबरोबरच, जुना काळ निर्धोक होता आणि आमच्या लहानपणी आम्ही सर्व काही केले, असे सांगणारेही भ्रमात आहेत. विहिरीत उड्या मारणारी जी मुले मोठी झाली, तीच आज ही हकीकत सांगावयास उरली आहेत. जी बुडाली त्यांची साक्ष कोण काढणार? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात अडतीस हजारांहून अधिक माणसे अपघाताने बुडून मरण पावली. जागतिक आरोग्य संघटना तर पाच ते चौदा वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत बुडण्याची गणना करते. तेव्हा मूल घरी ठेवले म्हणजे ते सुरक्षित राहिले, हे गृहीतही तितकेसे खरे नाही. सुटीत मोकळे सुटलेले मूल शेततळ्यापाशी किंवा नदीच्या डोहापाशी कोणाच्याही देखरेखीशिवाय पोहोचू शकते.

मग धोका नेमका कोठे आहे? अलीकडच्या दुर्घटनांकडे नीट पाहिले, तर त्याचे उत्तर मिळते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा तरुण विद्यार्थी सहलीत बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ विद्यार्थ्यांनी भरलेली नाव उलटून तीन मुली गेल्या. त्यापूर्वी, २००७ साली केरळात तट्टेकाड येथे नाव बुडून पंधरा शाळकरी मुले आणि तीन शिक्षक मृत्युमुखी पडले होते. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात छायाचित्रे काढीत उभ्या असलेल्या हैदराबादच्या चोवीस विद्यार्थ्यांना वरच्या धरणातून अचानक सोडलेल्या पाण्याने वाहून नेले. १८ जानेवारी २०२४ रोजी, आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर असलेल्या बडोद्यात, हरणी तलावात नाव उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका प्राणास मुकल्या. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगास एक कुटुंब धबधब्याच्या लोंढ्यात सापडले. त्यात एक स्त्री आणि चार मुले गेली, आणि तेथे तर मुलांची वडील मंडळी जवळच होती.

या यादीतील एकही मृत्यू दोरावरून उतरताना झालेला नाही, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ज्या कड्याकडे पाहून पालकांच्या पोटात गोळा येतो, तेथे दोर तपासलेला असतो, डोक्यावर शिरस्त्राण असते आणि एका वेळी एकाच मुलावर चार जणांची नजर असते. कड्यावरही अपघात होतात, हे खरे. परंतु तेथे निदान धोका सर्वांच्या ध्यानात असतो. याच्या उलट पाण्याकाठचा तास हा मौजेचा तास समजला जातो. त्या वेळी शिस्त सैल होते, मोजदाद थांबते आणि थकलेले शिक्षक सावलीला बसतात. नावेत बसावयाचे ते किती आणि बसले किती, जीवरक्षक जाकिटे किती आणि मुले किती, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब त्या वेळी कोणीच करीत नाही. पत्रकातील भीतीदायक शब्दांनी घाबरू नये आणि ‘जलक्रीडा’ यासारख्या गोड शब्दाने निर्धास्त होऊ नये, हा या सर्व घटनांचा पहिला धडा आहे. आपल्याकडेही अक्कलपाडा धरणातून पाणी सुटले की कोरड्या पांझरेचे रूप पाहता पाहता बदलते, आणि हतनूरचे दरवाजे उघडले की तापीचेही. बियासची कथा म्हणून आपल्याला परकी नाही.

दुसरा धोका खास आपल्या भागाचा आहे व तो पत्रकात कधीच छापलेला नसतो. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत जातो. लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या मानाने लवकर तापते आणि खेळण्याच्या नादात तहान लागल्याचे त्याला सांगावेसे वाटत नाही. दुपारी बारा वाजता उघड्या माळावर मुलांची रांग चालविणारा शिबिरप्रमुख कितीही पराक्रमी असला, तरी तो अज्ञानी समजला पाहिजे. विंचवाचीही तीच गोष्ट आहे. लाल विंचवाच्या दंशाने लहान मुले अधिक प्रमाणात दगावतात आणि वेळीच प्राझोसिन हे औषध दिले तर ती वाचतात, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी साऱ्या जगाला दाखवून दिले आहे. परंतु औषध ठाऊक असून काय उपयोग? रात्री तंबूतून मुलाला उचलून नेण्यासाठी वाहन उभे आहे काय, आणि ते नेमके कोणत्या रुग्णालयात जाणार आहे, हे ठरलेले असावे लागते.

आता वयाचा प्रश्न. सहा-सात वर्षांपर्यंतचे मूल आईबापांच्या सोबतीने लळिंग चढले तर ती मोठी मोहीम झाली. त्याला परक्या माणसांबरोबर मुक्कामी धाडण्यात शहाणपण नाही, कारण आपल्याला काय होते आहे हे नीट सांगण्याचीही शक्ती त्याच्या अंगी आलेली नसते. सात ते दहा या वयात सकाळी जाऊन दुपारपूर्वी परत येण्याजोगी सहल पुरे. दहा-अकराच्या पुढे, मूल सूचना ऐकून त्याप्रमाणे वागते आणि ‘मला भीती वाटते’ असे मोकळेपणाने म्हणू शकते, अशी खात्री झाल्यावर मुक्कामाचे शिबिर योग्य ठरेल. या मर्यादा काही शास्त्रवचने नव्हेत. मुलामुलांत फरक असतो आणि तो आईबापांइतका कोणालाच माहीत नसतो. परंतु म्हणूनच निर्णय मुलाकडे पाहून घ्यावा, शेजाऱ्याकडे पाहून घेऊ नये. पाच-सहा वर्षांच्या बालकांना कळसूबाईच्या शिखरावर नेऊन विक्रमाची प्रशस्तिपत्रे मिळविण्याचा जो नवा हव्यास काही पालकांना जडला आहे, त्यात साहस मुलाचे नसते. हौस पालकांची असते आणि पाय तेवढे मुलाचे असतात.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. हिमालयातील मोहिमेत मुलगा गमावलेल्या पालकांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा कोठे नियमावलीची चक्रे फिरू लागली. साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी २०१८ साली शासननिर्णय निघाला आणि २०२१ साली पर्यटन खात्याने जमीन, पाणी व आकाश यांतील साहसी उपक्रमांसाठी नोंदणीसह धोरण जाहीर केले. इंग्लंडची गोष्ट येथे स्मरण्याजोगी आहे. १९९३ साली लाइम उपसागरात होडीच्या सहलीत चार शाळकरी मुले बुडाली. त्या केंद्राची नोकरी सोडून गेलेल्या दोघा प्रशिक्षकांनी आधीच लेखी इशारा दिला होता. तो दुर्लक्षिला गेला होता. पुढे त्या कंपनीला आणि तिच्या संचालकाला न्यायालयाने मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले, संचालकाला तुरुंगवास झाला, आणि १९९५ साली पार्लमेंटने अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. आपल्याकडे कागद आहे. पण त्या कागदाविषयी विचारणारा पालक नाही. पालकाने विचारले नाही तर आयोजक कशाला दाखवील?

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी पालकांनी संकोच न बाळगता काही प्रश्न विचारावेत. संस्थेची नोंदणी आहे काय, असल्यास ती पाहावयास मिळेल काय? मार्गदर्शकांनी प्रशिक्षण कोठे घेतले आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती मुले येतात? मुलींबरोबर जबाबदार स्त्रिया आहेत काय? कार्यक्रमात पाणी आहे काय, असल्यास प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे जाकीट मिळेल काय? दुपारी बारा ते चार मुले कोठे असतील? जवळचे रुग्णालय कोणते आणि वाहन रात्री थांबते काय? प्रवास रात्रीचा तर नाही ना? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाने ‘नको’ म्हटले तर काय होते? या शेवटच्या प्रश्नावर जो आयोजक हसून ‘आम्ही ढकलतोच, मग भीती जाते’ असे सांगतो, त्याच्या हाती मूल देऊ नये. या प्रश्नांचा राग येणारा आयोजक आपण होऊन आपली परीक्षा देत असतो. आणखी एक सूचना. ‘अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही’ अशा मजकुराखाली पालकांच्या सह्या घेतल्या जातात. अशा सहीने आयोजकाचा निष्काळजीपणा धुऊन निघतो, अशी समजूत कोणीही करून घेऊ नये. आयोजकांनी तर नाहीच नाही.

एखादी दुर्घटना घडली की सर्वच सहली बंद करण्याची जी वृत्ती बळावते, ती मात्र आम्हांस मान्य नाही. मुरूडच्या घटनेनंतर निघालेल्या परिपत्रकांचा रोखही समुद्र, नद्या व डोंगर टाळण्याकडेच होता. शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. पन्नास मुलांमागे दोन शिक्षक पाठवावयाचे आणि काही झाले तर त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे, हा न्याय नव्हे. परंतु शाळेने सहल बंद केली, म्हणजे मुलांची ओढ बंद होत नाही. ती फक्त शाळेच्या शिस्तीतून निसटून बाजाराच्या हाती जाते, किंवा चार मित्र कोणालाही न सांगता नदीवर जातात. यावर उपाय बंदीचा नसून तयारीचा आहे. बांगलादेशासारख्या गरीब देशात गावच्या साध्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून हजारो मुलांना पोहावयास शिकविले गेले. आपली महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी हे मनावर घेतले, तर प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला पाण्यावर तरंगता येणे अशक्य का असावे?

आणि ही मागणी केवळ शिबिराचे शुल्क भरू शकणाऱ्या आपल्या मुलांसाठी नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या पर्वावर, धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पात्रात गच्च भरलेली नाव उलटली आणि लहान मुलांसह अनेकांनी प्राण गमावले. त्या मुलांना कोणी साहसासाठी तेथे नेले नव्हते. नर्मदाकाठच्या आदिवासी पाड्यांना नाव हाच रस्ता आहे. आपल्या मुलांसाठी जीवरक्षक जाकीट मागणाऱ्या सुशिक्षित वर्गाने त्या नावेतील मुलांसाठीही ते तितक्याच आग्रहाने मागितले पाहिजे. तसे न केले, तर आपली सुरक्षिततेची सारी चर्चा स्वतःच्या अंगणापुरतीच ठरेल.

मुलांना डोंगर दाखवा, रान दाखवा. भीती म्हणजे काय आणि ती ओलांडावयाची कशी, हेही त्यांना कळू द्या. मात्र भीती ओलांडण्याचे काम मुलाचे आहे आणि धोका ओळखण्याचे काम मोठ्यांचे आहे. ही कामाची वाटणी ज्या घरात, ज्या शाळेत आणि ज्या शिबिरात नीट समजली आहे, तेथे मूल निःशंकपणे पाठवावे. जेथे ती समजलेली नाही, तेथे या सुटीत मुलाला घेऊन पहाटे स्वतःच लळिंग चढावा आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परत यावे.