हरवलेला ठेवा



फ्रीगंजातून उत्तरेस निघावे, म्हणजे काही मैलांवर क्षिप्रेच्या पात्रातील बेटावर कालियादेह महाल लागतो. इ. स. १४५८ च्या सुमारास, माळव्याच्या खिलजी सुलतानांच्या काळी तो बांधला गेला. नदीचे पाणी दगडी कुंडांतून खेळवून उन्हाळा सुसह्य करावा, ही त्यामागील योजना. अकबर व जहांगीर येथे येऊन गेल्याचे शिलालेख आहेत. पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीत महाल मोडला. १९२० साली माधवराव शिंदे यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. आज त्यास पुन्हा अवकळा आली आहे.

तो पाहताना आम्हांस रशियाच्या झारांच्या उन्हाळी निवासाचे, त्सारस्कोये सेलोचे, स्मरण होते. तेथील कॅथरीन प्रासादात तृणमण्यांनी, म्हणजे अंबराने, मढविलेले एक दालन होते. ते अंबर प्रशियाच्या राजाने १७१६ साली झार पीटर यास भेट दिले होते. १९४१ साली जर्मन सैन्य जवळ आले, तेव्हा रक्षकांनी पुष्कळ मौल्यवान वस्तू दूर धाडल्या. परंतु अंबर इतके ठिसूळ झालेले, की हात लावताच ढासळावे. म्हणून त्यांनी भिंतींवर कागद चिकटविले. शत्रू फसला नाही. त्याने छत्तीस तासांत दालन उतरवून क्योनिग्सबर्गला नेले, आणि १९४५ नंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही.

मात्र जुनी छायाचित्रे उरली होती. त्यांच्याच आधारे कारागिरांनी १९७९ साली काम आरंभिले आणि २००३ साली दालन पुन्हा उभे केले. नोंद होती, म्हणून हे साधले.

वाचकहो, असे ठिसूळ धन आपल्याही घरी आहे. माळव्यात स्थायिक झालेल्या आम्हां मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील मुले हिंदीत बोलतात, हिंदीतच प्रार्थना करतात. त्यात वावगे काही नाही. परंतु आजीच्या तोंडची मराठी जपमाळ आणि तिची नाताळची गाणी कोणत्या पेटीत ठेवणार? त्यांचे छायाचित्रही निघत नाही. आजी प्रभुघरी गेली, की ते दालन कायमचे मिटले.

पृथ्वीवरील संपत्ती नाशवंत आहे, हे प्रभूने आपणांस शिकविलेच आहे. परंतु ज्या शब्दांतून श्रद्धा आपल्या हाती आली, ते शब्द जपणे हा संपत्तीचा लोभ नव्हे. ती कृतज्ञता होय. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक कोरी वही घ्यावी आणि आजीपाशी बसावे. तिला घाई करू नये.