जन्मतारखेचा खेळ

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाट घ्या, की वऱ्हाडातील दुसरे कोणतेही जुने गाव घ्या, तेथील शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर चाळणाऱ्यास एक गोष्ट हटकून दिसते. निम्म्या गावाचा जन्म जणू एकाच दिवशी झाला आहे. कोठे ही तारीख १ जून असते, कोठे १ जुलै. आईला मुलाचा जन्म आठवे तो पोळ्याच्या आगेमागे किंवा मोठ्या पुराच्या वर्षी. गुरुजींना रकाना भरावयाचा असे आणि पहिलीत घेण्यासाठी वयाची अट पुरी करावयाची असे. त्यांनी सोयीची तारीख लिहिली आणि मूल शाळेत आले. या असत्यात लबाडी नव्हती. असलीच तर थोडी माया होती. तथापि, कागदावरचे वय आणि अंगातले वय निराळे असू शकते, आणि कागदावरचे वयच अखेर चालते, हा धडा समाजाने तेथेच गिरवला, हेही नाकारता येणार नाही.

त्या धड्याचा उपयोग पुढे निवृत्तीसाठी झाला. "दोन वर्षे कमी लावली आहेत" हे वाक्य सरकारी कचेऱ्यांतून कौतुकाने उच्चारले जाई. सेवेत आल्यापासून पाच वर्षांनंतर जन्मतारीख सहसा बदलता येणार नाही, असा नियम महाराष्ट्र शासनाला १९८१ साली करून ठेवावा लागला, तो उगीच नव्हे. आता तोच खेळ खऱ्याखुऱ्या मैदानावर पोहोचला आहे. शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. त्यांतील यशावर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण अवलंबून असतात. पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाची वाटही याच मैदानातून सुरू होते. जेथे एका प्रमाणपत्राने घराचे दैव पालटू शकते, तेथे जन्मतारखेला किंमत येते. आणि ज्या वस्तूला किंमत येते, तिची नक्कल निघतेच.

हे दुखणे एकट्या भारताचे नाही. अमेरिकेतील बेसबॉल हा पैशाचा मोठा खेळ आहे आणि त्याला खेळाडू पुरवणारा डॉमिनिकन रिपब्लिक हा गरीब देश आहे. तेथील मुलाशी सोळाव्या वर्षी करार होऊ शकतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात वेग दिसला तर त्याला जो भाव मिळतो, तो एकोणिसाव्या वर्षी तोच वेग दाखवणाऱ्यास मिळत नाही. म्हणून वय उतरवले जाते. प्रसंगी दुसऱ्याचे नावही घेतले जाते. मिगेल तेहादा या नामवंत खेळाडूने आपण दोन वर्षांनी मोठे असल्याचे २००८ साली कबूल केले. फाउस्तो कार्मोना या नावाने अनेक वर्षे खेळलेला गोलंदाज मुळात रॉबेर्तो एर्नांदेस होता आणि तीन वर्षांनी मोठा होता, हे २०१२ साली उघड झाले. सर्वांत बोलके उदाहरण मात्र २००१ सालचे आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धेत न्यूयॉर्कच्या एका संघातून डॅनी आल्मोंटे नावाच्या मुलाने सर्वांना थक्क केले. मागाहून तो चौदा वर्षांचा निघाला. संघाचे यश पुसले गेले. पण आजन्म बंदी आली ती त्याच्या वडिलांवर आणि संघाच्या चालकावर. खोटे मुलाच्या नावावर असते, परंतु ते लिहिणारा हात मोठ्या माणसाचा असतो, हे त्या संस्थेने ओळखले.

आपल्याकडे ही ओळख उशिरा पटत आहे. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने वयचोरीविरुद्ध संहिता केली ती २०१० साली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१२ च्या सुमारास सोळा वर्षांखालील मुलांसाठी मनगटाच्या हाडांची चाचणी स्वीकारली. राहुल द्रविड यांनी २०१५ साली पतौडी स्मृती व्याख्यानात याच विषयावर कोरडे ओढले. २०२० साली मंडळाने, जो आपण होऊन खरे वय सांगेल त्याला अभय आणि जो लपवील त्याला दोन वर्षांची बंदी, अशी योजना जाहीर केली. याच महाराष्ट्रातील अंकित बावणे याला २०११ साली एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचे कर्णधारपद मिळता मिळता गमवावे लागले, कारण पारपत्रावरील आणि मंडळाच्या दप्तरातील जन्मतारखा जुळत नव्हत्या. पुढे त्याने राज्याकडून धावांच्या राशी घातल्या. पण ती संधी परत आली नाही. नोंदीतील तफावत लबाडीचीच असते असे नाही. किंमत मात्र कोवळ्या वयातच मोजावी लागते.

वयचोरीला पुष्कळदा "चालायचेच" म्हणून सोडून दिले जाते. तेव्हा तिच्यात नेमके कोणाचे काय जाते, हे स्पष्ट केले पाहिजे. तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीर इतक्या झपाट्याने वाढते की दोन वर्षांचे अंतर म्हणजे मूल आणि तरुण यांच्यातील अंतर होय. देऊळघाटच्या शेतमजुराचा खरोखरच तेरा वर्षांचा मुलगा बुलढाण्याच्या मैदानावर कबड्डीला उतरतो आणि समोर मिसरूड फुटलेला "चौदा वर्षांखालील" गडी उभा राहतो, तेव्हा सामना सुरू होण्याआधीच संपलेला असतो. हरलेला मुलगा घरी जातो तो आपण कमी पडलो असे समजून. आपल्याला कोणी लुटले आहे, हे त्याला कळतही नाही. पुढच्या वर्षी तो मैदानावर येत नाही. खेळाचे खरे नुकसान येथे होते आणि त्याची कोठे नोंद होत नाही. जिंकणाऱ्याचेही भले होत नाही. वयाच्या बळावर मिळवलेले यश बरोबरीचे प्रतिस्पर्धी भेटताच ओसरते. आणि गुरूने पहिला धडा खोट्याचा दिला, ही गोष्ट जन्मभर सोबत राहते.

हाडांच्या चाचणीने हा प्रश्न सुटेल, अशी समजूतही भाबडी आहे. क्ष-किरण हाडांची पक्वता सांगतात, जन्मतारीख सांगत नाहीत. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांत वर्ष-दीड वर्षाचा फरक निसर्गतःच असू शकतो. अर्धपोटी वाढलेल्या मुलाची हाडे मागे राहतात. लवकर वयात आलेल्या प्रामाणिक मुलाची पुढे धावतात. म्हणजे खोटा सुटू शकतो आणि खरा अडकू शकतो. चाचणी हा संशयाचा आधार ठरावा. अखेरचा निवाडा नव्हे.

इलाज जुनाच आहे आणि तो गावातच आहे. वऱ्हाडात पूर्वी जन्ममृत्यूची नोंद कोतवालाच्या वहीत होई; त्या कोतवाल बुकाच्या नकला आजही जुन्या पुराव्यासाठी मागितल्या जातात. १९६९ च्या कायद्याने जन्माची नोंद सक्तीची केली. एकवीस दिवसांत ती विनामूल्य होते. २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मदाखलाच प्रमाण ठरवला आहे. पण ही मुले चौदा वर्षांखालील गटाच्या उंबरठ्यावर येण्यास अजून बराच अवकाश आहे. तोवर स्पर्धेच्या प्रवेशिकेवर जन्माच्या वेळची मूळ नोंद मागावी. वर्षांनंतर काढलेल्या दाखल्याची पहिलीच्या रजिस्टराशी पडताळणी करावी. चूक आपण होऊन सांगणाऱ्या मुलाला अभय द्यावे. आणि लबाडी सिद्ध झाल्यास मुलाला पोलिसी धाक न दाखवता, सही करणाऱ्या प्रौढाला जाब विचारावा. शाळेला ढाल मिळावी म्हणून प्रशिक्षकावर येणारे दडपणही कमी झाले पाहिजे. चौदा वर्षांखालील स्पर्धा मुले घडवण्यासाठी असतात, शाळेची कपाटे भरण्यासाठी नसतात.

यात सर्वांत मोठा वाटा शिक्षकांचा आणि लिपिकांचा आहे. एकेकाळी गुरुजींनी १ जून लिहिला तो मुलाला शाळेत आणण्यासाठी. आज तीच लेखणी तारीख फिरवील, तर ती दुसऱ्या एका मुलाला मैदानाबाहेर काढील. ते मूल समोर दिसत नाही, त्याचा पालक तक्रार घेऊन येत नाही, म्हणून हा अन्याय लहान ठरत नाही. रजिस्टरातील तो रकाना खरा भरणे, एवढेच त्या न दिसणाऱ्या मुलाचे संरक्षण आहे.