पत्ता आहे, पण घर गायब!

समजा, विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही एक गेम लिहायला घेतलाय. व्हीएस कोड उघडलं की समोर अलीकडच्या प्रोजेक्टची यादी हजर! ‘गेम’वर क्लिक केलं की काम सुरू. एके दिवशी तुम्ही त्या फोल्डरचं नाव बदलून ‘गेम पक्का’ केलंत. दुसऱ्या दिवशी सवयीनं यादीतल्या ‘गेम’वर क्लिक केलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, असा पत्ताच नाही! पोटात गोळा आला ना? तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात?

मुळीच नाही. गंमत अशी, की त्या यादीत प्रोजेक्ट नसतोच. असतो तो फक्त त्याचा पत्ता. कोणती ड्राइव्ह, त्यात कोणता फोल्डर, एवढंच. इंटेलिजेमध्ये ही यादी एका साध्या फाइलीत असते. व्हिज्युअल स्टुडिओ २०१० मध्ये ती विंडोजच्या रजिस्ट्रीत फाइल १, फाइल २ असे नंबर देऊन लिहिलेली असायची. घर हललं, पण चिठ्ठीवर जुनाच पत्ता राहिला, तर पोस्टमन बिचारा काय करणार? (मॅकवाले इथे थोडे हुशार. त्यांच्याकडे १९९१ पासून ‘एलियस’ नावाची सोय आहे. त्याच डिस्कवर फाइल हलवली, तरी ती मूळ फाइल शोधून काढते.)

पत्ता चुकला, की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. व्हिज्युअल स्टुडिओ विचारतो, हे नाव यादीतून काढू का? ‘हो’ म्हटलं, तर फक्त चिठ्ठी फाटते, घराला धक्का लागत नाही. व्हीएस कोड मात्र विचारतबिचारत नाही, सापडलं नाही की नाव स्वतःच खोडून टाकतो. म्हणजे पेन ड्राइव्ह लावायला विसरलात आणि क्लिक केलंत, की नाव गुल! पेन ड्राइव्ह लावल्यावरही ते आपोआप परत येत नाही. ‘ओपन फोल्डर’ने एकदा हातानं उघडावं लागतं.

यादीत जागाही मोजकीच. विंडोज ९५ च्या ‘डॉक्युमेंट्स’ मेनूत शेवटच्या १५ फाइली दिसायच्या. जुन्या व्हिज्युअल स्टुडिओत हा आकडा १ ते २४ च्या दरम्यान ठेवता यायचा. नवा आला की पहिल्या नंबरवर, आणि शेवटचा बाहेर! तुम्ही सहज डोकावायला दहा प्रोजेक्ट उघडलेत, तर खरा कामाचा खाली ढकलला जाणार. किती घाम गाळला ते यादीला काय ठाऊक? म्हणून तर व्हिज्युअल स्टुडिओत नावाशेजारी टाचणी असते. ती टोचली की नाव जागचं हलत नाही.

आता खरा धोका ऐका. हरवलेला प्रोजेक्ट सापडतो, पण चुकीचा उघडला तर कळतही नाही! समजा, गेमची एक प्रत डेस्कटॉपवर आहे आणि एक पेन ड्राइव्हवर. यादीत दोन्हींचं नाव ‘गेम’. तुम्ही वरच्यावर क्लिक करून दोन तास खपलात, सगळे गुण मोजणारा भाग दुरुस्त केलात, आणि शाळेत पेन ड्राइव्ह घेऊन गेलात. तिथे परीक्षकांसमोर कालचाच बिघडलेला गेम! त्यात पेन ड्राइव्हचं अक्षरही बदलतं. आज ‘ई’, उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘एफ’. म्हणून नाव वाचून थांबू नका. व्हीएस कोड आणि इंटेलिजेच्या यादीत नावासोबत पत्ताही दिसतो, तो शेवटपर्यंत वाचा. दोन प्रती ठेवायच्याच असतील, तर त्यांना ‘गेम घर’, ‘गेम पेन’ अशी वेगळी नावं द्या.

आणि हो, शाळेच्या लॅबमध्ये सगळे एकाच लॉगिनवर बसत असाल, तर तुमच्या प्रोजेक्टची नावं पुढच्यालाही दिसतात. ‘मास्तरांची नक्कल’ असं नाव देणाऱ्यांनो, जपून! व्हीएस कोडमध्ये ‘ओपन रिसेंट’च्या मेनूत यादी पुसायची सोय आहे.

आता करून बघा. ‘चाचणी’ नावाचा फोल्डर बनवा, त्यात एक छोटी फाइल ठेवा, व्हीएस कोडमध्ये उघडा आणि बंद करा. फोल्डरचं नाव बदला आणि यादीतल्या जुन्या नावावर क्लिक करा. मग फोल्डरला जुनं नाव परत द्या आणि पुन्हा यादी बघा. नाव दिसतंय का? आणि आतली फाइल?