आडवाट आणि कातळ

मराठी समीक्षेत 'आडवाट' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. नव्या कवीचा परिचय 'मळलेली वाट सोडून जाणारा' या शब्दांनी सुरू होतो आणि आपण शिक्षकही वर्गात तो निःशंकपणे वापरतो. ज्या डोंगरातून हा शब्द आपण उसना आणला तिथे त्याचा अर्थ काय होतो, हे मला हरिश्चंद्रगडावर कळले.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला हा गड मराठीच्या अभ्यासकाला परका नाही. चांगदेवांचा 'तत्त्वसार' इथलाच, शके १२३४ मधला. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही काही विद्यार्थ्यांसह पाचनईहून गड चढलो आणि तारामती शिखरावर पोहोचलो. उत्तरेला कळसूबाई, रतनगड, अलंग-मदन-कुलंग; दक्षिणेला नाणेघाट आणि जीवधन. एवढा मुलूख एका नजरेत आला की माणसाला आपण तो जाणतो असा भ्रम होतो. उतरताना पायवाट सोडून कातळावरून थेट कोकणकड्याकडे जावे, ही सूचना माझीच होती.

सुरुवात सोपी होती. उघडा, कोरडा कातळ आणि सौम्य उतार. अर्ध्या तासाने तो उतार अचानक संपला. पुढे तीन-चार पुरुष खोल तुटलेला कडा होता. वरून तो दिसलाच नव्हता. सह्याद्रीची घडणच अशी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. कठीण थरांचे कडे झाले, ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार आणि पठारे झाली. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. उतार खाली जातो म्हणून वाटही खाली जाते, असे येथे नसते.

आमच्यासोबत पाचनईचे एक वयस्क महादेव कोळी गृहस्थ होते. ते मागून शांतपणे येत होते. मी म्हणालो, "इथे तर वाटच नाही." ते म्हणाले, "वाट हाय की सर. तुम्हाला दिसना." मग त्यांनी कातळावरची पाणी वाहून गेल्याची काळी रेघ, गुरांच्या खुरांनी गुळगुळीत झालेली कड आणि कारवीतली एक फट दाखवली. वीस मिनिटांत आम्ही खाली होतो. "आधी का नाही सांगितलंत?" या माझ्या प्रश्नावर ते नुसते हसले. सरांना कोण सांगणार?

कातळावर पाऊल उमटत नाही, म्हणून तिथे कुणी चाललेच नाही असे आपण मानतो. त्यांच्यासाठी ती आडवाट नव्हतीच; पिढ्यान्‌पिढ्यांची ढोरवाट होती. नाळ, घळ, सोंड, धार, खिंड, नेढे हे शब्द चालणाऱ्यांनीच घडवले आहेत. अमेरिकेत युटाच्या वाळवंटातल्या उघड्या वालुकाश्माला 'स्लिकरॉक' म्हणजे निसरडा खडक म्हणतात. कोरडा असताना तो बुटाला चांगला धरतो, पण नाव पडले ते घोड्यांच्या नालांवरून. नावात चालणाऱ्याचा अनुभव साठलेला असतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधात मात्र प्रत्येक डोंगर 'निसर्गरम्य' असतो, आणि शेजारच्या तालुक्यातली धार आणि सोंड त्यांना वेगळी ओळखता येत नाही.

मग मळलेली वाट कुणी सोडूच नये काय? असे माझे म्हणणे नाही. वाट सोडल्यावाचून कोकणकडाही नवा दिसत नाही आणि कविताही. पण 'इथे वाट नाही' हे विधान पुष्कळदा भूमीविषयी नसते, वाचकाविषयी असते. परंपरेला छेद दिल्याचे श्रेय आपण ज्यांना देतो त्यांनी, आणि देणाऱ्या आपणही, ती परंपरा किती वाचलेली असते? ओवी न वाचता ओवी मोडल्याचा दावा करणे म्हणजे कड्याच्या टोकाशी येऊन पठाराची स्तुती करण्यासारखे आहे.

त्या दिवशी माझ्या भरवशावर आलेली मुले कड्यापासून दहा पावलांवर उभी होती. वर्गात 'आडवाट' हा शब्द उच्चारताना आता मला आधी ती मुले आठवतात, आणि नंतर कवी.