बिबट्याने बकरी मारली तर भरपाई, गावच्या कुत्र्यांनी मारली तर कागदसुद्धा नाही

खडवली (ता. कल्याण) : सकाळी खुराडं उघडायला जावं तर दार उचकटलेलं, अंगणभर पिसं आणि सात-आठ कोंबड्या इथे-तिथे मरून पडलेल्या. खाल्लेली एकही नाही. घरोघरी शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्या गावा-पाड्यांवर अशी सकाळ कुणाला नवीन नाही. कधी कोंबड्या, कधी करडं, कधी माळावर दाव्याने बांधलेली गाभण शेळी. आणि मारणारं जनावर रानातलं नसतं, गावातलंच असतं.

मग काय होतं? ज्याचं गेलं तो चार शिव्या घालतो. कुणी म्हणतं विष घाला, कुणी म्हणतं मुकं जनावर आहे, जाऊ द्या. दोन दिवसांत विषय बंद. नुकसान मात्र बहुतेक वेळा घरातल्या बाईचं झालेलं असतं. अंडी आणि कोंबडा विकून आलेला पैसा हीच तिच्या हातातली रोकड. पोराची वही, दवाखाना, सणाचा बाजार त्यातूनच निघतो. कातकरी-ठाकूर पाड्यांवर तर शेळी म्हणजे अडीनडीला मोडायची बँक.

कुत्र्याचा बंदोबस्त हा यातला अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग असा, की या नुकसानीला सरकारदरबारी कुणी वालीच नाही.

एकाच बकरीचे दोन हिशेब

वन्यप्राण्याने शेळी-मेंढी मारली तर वनविभाग भरपाई देतो. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती मिळते. गाय, म्हैस, बैल यांच्यासाठी ही मर्यादा ७० हजारांची आहे. त्यासाठी ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नसतं.

या प्राण्यांच्या यादीत वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा तर आहेतच, पण रानकुत्रासुद्धा आहे. म्हणजे जंगलातल्या कोळसुंद्याने बकरी मारली तर पैसे मिळतात, गावातल्या कुत्र्याने मारली तर नाही. बकरी तीच, मालक तोच, नुकसान तेवढंच. फरक एवढाच, की कोळसुंद्याला खातं आहे आणि गावच्या कुत्र्याला नाही.

असं असायलाच पाहिजे असं नाही. तामिळनाडूत तिरुपूर, ईरोड भागात भटक्या कुत्र्यांनी शेळ्या-मेंढ्यांचे कळप फाडले, तेव्हा शेतकरी मेलेली जनावरं घेऊन रस्त्यावर बसले. तिथल्या सरकारने २०२५ मध्ये कुत्र्यांनी मारलेल्या जनावरांसाठीही भरपाई जाहीर केली. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेत १२ लाखांहून जास्त भटकी कुत्री मोजली गेली आहेत. तरी इथे हा प्रश्न अजून ‘माणसाला चावलं का?’ एवढ्यावरच थांबतो.

मारलं कुणी, हे आधी ओळखा

भरपाई नाही म्हणून काही जण बिबट्याचं नाव पुढे करतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण पंचनाम्याला येणारा वनरक्षक जखमा बघतो. बिबट्या साधारण एकच जनावर धरतो, गळ्यावर सुळ्यांच्या खुणा असतात, ओढत नेल्याचा माग दिसतो आणि मांस खाल्लेलं असतं. कुत्री टोळीने येतात. मागचे पाय, पोट, कान, शेपूट असे जागोजागी लचके तोडलेले दिसतात. एका रात्रीत पाच-सहा जनावरं मरतात आणि खाल्लेलं फारसं काही नसतं. खोटं नाव सांगितलं की पुढच्या वेळी बिबट्या खरोखर आला तरी गावावर विश्वास बसत नाही.

शिवाय या दोघांचा संबंध आहेच. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं आणि सोपं भक्ष्य. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेत भरवस्तीतल्या इमारतीत बिबट्या शिरला होता, हे सगळ्यांना आठवत असेल. ज्या गावात कचऱ्यावर कुत्री वाढतात, त्या गावाकडे बिबट्याचेही पाय वळू शकतात.

कोर्टाने सांगितलं काय, गावात पोचलं काय

मोबाईलवर ‘कोर्टाने कुत्री उचलायला सांगितली’ आणि ‘कोर्टाने कुत्री सोडायला सांगितली’ असे दोन्ही व्हिडिओ फिरतात. दोन्ही अर्धवट आहेत.

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्यात बदल केला. नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. पिसाळलेलं, पिसाळल्याचा संशय असलेलं किंवा आक्रमक कुत्रं मात्र सोडायचं नाही. रस्त्यात कुठेही खायला घालायचं नाही, त्यासाठी जागा ठरवून द्यायच्या. याच आदेशाने हा विषय दिल्लीपुरता न राहता देशभराचा झाला.

नंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री हटवायची आणि परत तिथे सोडायची नाहीत, असं सांगितलं. अशा जागांची दर तीन महिन्यांनी तपासणी करायची जबाबदारी टाकताना पालिकांबरोबर पंचायतींचंही नाव घेतलं आहे.

खडवलीसारख्या रेल्वे स्टेशनच्या गावाला याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागेल. स्टेशनवरून, शाळेतून हटवलेली कुत्री जाणार कुठे? निवारा नसेल तर ती कुणीतरी टेम्पोत घालून शेतावर, नदीकाठी, पाड्याच्या तोंडाशी सोडेल. तिथे कोंबड्या आहेत, शेळ्या आहेत आणि तक्रार ऐकायला कुणी नाही. शहरातली कुत्री गावात आणून टाकतात, ही ओरड गावोगावी जुनीच आहे. नियम सरळ आहे. नसबंदी केलेलं कुत्रं मूळ जागीच सोडायचं, दुसऱ्याच्या हद्दीत आणून टाकणं बेकायदा आहे. असं वाहन दिसलं तर नंबरसकट फोटो काढून ग्रामपंचायत आणि पोलिसांकडे द्यावा. मारहाण करू नये.

विषाने प्रश्न सुटत नाही, नवा उभा राहतो

कुत्र्यांना विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा उपाय चालत नाही. विषाचं मटण कुत्रंच खाईल असं नाही. मांजर, कावळा, शेजाऱ्याची कोंबडी, राखणीचं चांगलं कुत्रं सगळीच मरतात. आणि खाणं जिथल्या तिथे असेल तर मेलेल्यांच्या जागी शेजारच्या गावची कुत्री येतात. ती नवी, बिनलसीची आणि जास्त भुकेली असतात.

नसबंदी करायची कुणी?

केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. काम मान्यता असलेल्या केंद्रातच करावं लागतं. त्यासाठी डॉक्टर, शस्त्रक्रियेची खोली, पिंजरे, गाडी पाहिजे. महापालिकेला हे जमतं. चार-पाच पाड्यांच्या ग्रामपंचायतीला कसं जमणार? नियम शहर डोळ्यासमोर ठेवून केले, पण जबाबदारी गावावरही आली. घोडं अडलं ते इथे.

कुत्री वर्षातून दोनदा विते, दरवेळी चार-सहा पिल्लं. एका गावाने नसबंदी केली आणि शेजारच्याने नाही केली, तर पैसे पाण्यात. म्हणून हे काम एकेका ग्रामपंचायतीचं नाही, तालुक्याचं आहे. पंचायत समिती आणि ठाणे जिल्हा परिषदेने मिळून एक केंद्र चालवावं, गाडी एकामागून एक गाव घेत जावी, तरच फरक दिसेल. ही मागणी गावांनी मिळून केली पाहिजे. एकट्या सरपंचाच्या फोनने ते होणार नाही.

आपल्याच दारातलं कुत्रं

एक गोष्ट मात्र गावाने कबूल करायला हवी. कोंबड्या मारणारं प्रत्येक कुत्रं भटकं नसतं. दिवसा ते कुणाच्या तरी पडवीत झोपतं, त्याला नाव असतं, भाकर मिळते. रात्री ते मोकळं सुटून टोळीत जातं. नुकसान झालं की मालक म्हणतो, “ते काय आमचं नाय, येतं असंच.” भाकर घालताना आपलं आणि भरपाईच्या वेळी गावचं, हे बरोबर नाही. पाळीव कुत्र्याच्या लसीची जबाबदारी मालकाचीच आहे. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होईल असा हलगर्जीपणा केला तर न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिने कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गळ्यात पट्टा, वर्षाला लस आणि रात्री साखळी, एवढं केलं तरी अर्धी भांडणं मिटतील.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. भातसा नदीवर सहलीला येणारे लोक उरलेली बिर्याणी काठावर टाकून जातात. चिकनच्या दुकानातली आतडी-पिसं नाल्यात जातात. ढाब्याचं उरलेलं मागच्या दाराने बाहेर जातं. यावर पोसलेली टोळी गर्दी ओसरली की खुराड्याकडे वळते. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकणं म्हणजे तर कुत्र्याला शिकवणी देणंच. ती खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. वित्त आयोगाच्या निधीत स्वच्छतेसाठी बांधील हिस्सा असतो. चिकन दुकानांच्या कचऱ्याची व्यवस्था करायला ग्रामपंचायतीला वेगळ्या परवानगीची वाट बघायची गरज नाही.

तोपर्यंत घरी काय करायचं

कोंबड्यांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. जाड वेल्डेड जाळी वापरावी आणि खालून उकरता येऊ नये म्हणून ती फूटभर जमिनीत गाडावी किंवा कडेने दगड लावावेत. खुराडं जमिनीपासून उंचावर असेल तर उत्तम. दाराला दोरी नको, कडी हवी. शेळी माळावर एकटी बांधून घरी येऊ नये. दाव्याला असलेली शेळी पळू शकत नाही.

जनावर चावलं गेलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि लगेच १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाईनवर किंवा दवाखान्यात कळवावं. चावलेल्या शेळी-गाईलाही रेबीजची लस द्यावी लागते, एका सुईवर भागत नाही. तिचं कच्चं दूध पिऊ नये. सोडवताना माणसाला चावा किंवा ओरखडा आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावं. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत आहे. हळद-चुना-मिरची लावून वेळ घालवू नये. रेबीज एकदा झाला की त्यावर उपाय नाही.

शेळ्यांचा विमाही बघावा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून पशुपालकाने हप्त्याच्या फक्त १५ टक्के भरायचे आहेत. त्यासाठी कानात बिल्ला लागतो. कुत्र्याच्या हल्ल्यातला मृत्यू धरला जातो का, हे मात्र सही करण्याआधी विचारून घ्यावं.

पहिलं पाऊल कागदाचं

आज अशा नुकसानीची नोंदच होत नाही, म्हणून ते सरकारला दिसत नाही. मेलेल्या जनावरांचे फोटो काढा, पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून दाखला घ्या, ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. दोन कोंबड्या गेल्या तरी अर्ज द्या. ग्रामसेवकांनी त्याची वेगळी वही ठेवावी. येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्यावेत. एक, तालुक्याला नसबंदी केंद्र. दुसरा, कुत्र्यांनी मारलेल्या पशुधनाला वन्यप्राण्यांसारखी भरपाई.

एका गावच्या ठरावाने सरकार हलणार नाही. पण तालुक्यातल्या गावागावांतून एकसारखे ठराव आणि जोडीला वर्षभराची नोंदवही गेली, तर ‘अशा तक्रारी आमच्याकडे नाहीत’ हे उत्तर कुणाला देता येणार नाही. तोवर अंगणातली पिसं झाडून टाकायच्या आधी एक फोटो काढून ठेवा.