मादी ‘वश’ होते म्हणजे काय?

फळमाशीच्या समागमाविषयीचे जे लोकप्रिय लेखन आमच्या वाचनात येते, त्यातील क्रियापदे ठरलेली असतात. नर मादीला वश करतो, तिचे वर्तन ताब्यात घेतो, तिला अंडी घालावयास भाग पाडतो. कवितेतील एका क्रियापदावर तासभर बोलणारे आम्ही साहित्याचे अध्यापक येथे मात्र मुकाट्याने मान डोलावतो. विज्ञानाच्या भाषेत रूपके नसतात, हा आमचा लाडका गैरसमज!

वस्तुस्थिती पाहू. नराच्या वीर्यद्रवात शुक्रपेशींखेरीज अनेक प्रथिने असतात. त्यांपैकी ‘सेक्स पेप्टाइड’ अवघ्या ३६ अमिनो आम्लांचे. १९८८ साली ते ओळखले गेले. अक्षत मादीला ते नुसते टोचले तरी ती नरांना झिडकारते व अंडी घालू लागते. समागमात मिळालेले पेप्टाइड शुक्रपेशींना चिकटून राहते आणि सावकाश सुटत जाते. म्हणून त्याचा परिणाम कित्येक दिवस टिकतो. इथवर ‘वश’ हा शब्द शोभतो. परंतु २००८ साली मादीच्या शरीरातील त्याचा ग्राही सापडला. हा ग्राही नसलेली मादी समागमानंतरही अक्षत मादीसारखीच वागते. निरोप कितीही प्रभावी असो, तो वाचणारी यंत्रणा मादीचीच आहे. वाचकाविना संहिता अपुरी, हे वर्गात घोकून घेणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागावे?

यावर कोणी म्हणेल, की ही स्त्रीवादी ओढाताण आहे. संघर्ष तर प्रयोगसिद्ध आहे. आहेच. नराच्या उपग्रंथींतील स्रावांमुळे मादीचे आयुष्य घटते, हे १९९५ साली दाखविले गेले. ते आम्ही नाकारीत नाही. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका शोधनिबंधाने दाखविले, की ‘ओव्ह्युलिन’ या वीर्यप्रथिनाचे विखंडन मादीच्या जननमार्गात होते आणि त्यास नर व मादी दोघांचाही हातभार लागतो. त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘सहकार्य’ या अर्थाचा शब्द आहे. माशी तीच, साल तेच. एक निष्कर्ष झळाची भाषा बोलतो, दुसरा सहकार्याची. लोकप्रिय लेखनाने मात्र पहिलीच भाषा उचलली, कारण ती आपल्या जुन्या कथांच्या साच्यात चपखल बसते.

आमचे म्हणणे एवढेच : ‘वश’ ऐवजी ‘सहकार्य’ लिहिल्याने सत्य गवसत नाही, तेही रूपकच. पण कर्ता नेहमी नर आणि कर्म नेहमी मादी, हे वाक्य निसर्गाने रचलेले नाही. ते आपण रचले आहे, आणि वाक्ये तपासणे हे तर आपलेच काम.