“झालं वाचून, बाई!”

बालमित्रांनो,

वाचनाच्या तासाला मी वर्गात गोष्टींची पुस्तकं वाटते. पाच मिनिटं होतात न होतात तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, “झालं वाचून, बाई! दुसरं द्या.” मी विचारते, “काय रे होतं गोष्टीत?” की डोकं खाजवणं सुरू! “एक राजा होता... आणि मग... विसरलो, बाई.”

हसू नका हं. मोठ्या माणसांचंही असंच असतं. वाचून ‘झालं’ आणि वाचून ‘कळलं’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला स्वतःला तिशी उलटल्यावर समजलं. कसं, ते आज सांगते. त्यात माझी एक चूकही आहे. बाईंची चूक ऐकायला तुम्हाला किती आवडतं ते मला ठाऊक आहे!

आमचं सातपूर म्हणजे कारखान्यांचं गाव. कुणाचे बाबा पहिल्या पाळीला, कुणाचे रात्रपाळीला. गेल्या वर्षी सहलीचे पैसे गोळा करायचं चाललं होतं. एका डब्यात ते ठेवले होते. संध्याकाळी मोजले तर शंभर रुपये कमी! दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर चार-पाच बोटं एकाच मुलाकडे वळली. “बाई, मधल्या सुट्टीत हा एकटाच वर्गात होता.” तो मुलगा अभ्यासात मागे, वही अपुरी, रोज उशिरा येणारा. तो नुसता खाली मान घालून उभा राहिला. मला राग आला आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझा कशाला म्हणून उपयोग नाही बघ!”

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आता मुलांनो, ही गोष्ट इथेच जरा थांबवू या. कारण त्याच आठवड्यात मी एक पत्र वाचत होते.

आमच्या ओळखीच्या एक वयस्कर शिक्षिका आहेत, शरणपूरच्या. त्या ख्रिस्ती आहेत. मी एकदा त्यांना म्हणाले, “मला बायबल वाचून बघायचंय, पण केवढं जाडजूड पुस्तक ते! सुरुवात कुठून करू?” त्या हसल्या. म्हणाल्या, “अहो, ते एक पुस्तक नाहीच. आमच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक लोकांच्या बायबलमध्ये ७३. त्यातलं एक अगदी छोटं घ्या. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र. फक्त २५ वचनं. पण एक अट आहे. रोज एकदा, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, असं सात दिवस वाचायचं.”

मला वाटलं, पाच मिनिटांचं पत्र, ते सात वेळा कशाला? पण मोठ्यांचा शब्द मोडवेना. केली सुरुवात.

पहिल्या दिवशी एवढंच कळलं. पौल नावाचा एक म्हातारा माणूस तुरुंगात आहे. त्यानं फिलेमोन नावाच्या मित्राला पत्र लिहिलंय. पत्र आहे अनेसिम नावाच्या एका गुलामाबद्दल. गुलाम म्हणजे काय, माहीत आहे ना? त्या काळी रोमन साम्राज्यात माणसं विकत मिळायची. बैल विकत घ्यावा तसा माणूस विकत घ्यायचा. तो मालकाचा झाला! असा हा अनेसिम मालकापासून लांब पौलाकडे आला होता, आणि आता पौल त्याला मालकाकडे परत पाठवत होता. मी पुस्तक मिटलं. मनात म्हटलं, झालं वाचून!

दुसऱ्या दिवशी मी कागदावर नावं लिहून काढली. तेव्हा एक गंमत लक्षात आली. पत्र एकट्या फिलेमोनाला नाहीच! सुरुवातीला अप्फिया आणि अर्खिप्प अशी आणखी दोन नावं आहेत, आणि फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीचाही उल्लेख आहे. म्हणजे हे गुपचूप खिशात घालायचं पत्र नव्हतं. चारचौघांना कळावं म्हणून लिहिलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी क्रियापदं पाहिली. (व्याकरण असं कामाला येतं बरं का!) पौल म्हणतो, मी तुला आज्ञा करू शकलो असतो, पण करत नाही, विनंती करतो. हातात अधिकार असून तो न वापरणं किती अवघड असतं, हे वर्गाच्या मॉनिटरला विचारा!

चौथ्या दिवशी एक शब्द अडला. पौल लिहितो की हा अनेसिम पूर्वी तुला निरुपयोगी होता, पण आता तुला आणि मला उपयोगी आहे. मी शरणपूरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, ग्रीक भाषेत अनेसिम या नावाचा अर्थच मुळी ‘उपयोगी’!” म्हणजे पौलानं नावावर कोटी केली होती. ज्याला सगळे निरुपयोगी म्हणतात, त्याचं नावच उपयोगी!

मुलांनो, त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. “तुझा कशाला म्हणून उपयोग नाही.” हे शब्द कुणाचे होते? माझेच होते ना!

पाचव्या दिवशी मी पत्रात काय आहे ते पाहायचं सोडून काय नाही ते पाहिलं. चार दिवस मी समजून चालले होते की अनेसिम चोरी करून पळाला. पण पत्रात ‘पळाला’ हा शब्द कुठेच नाही. ‘चोरी’ हा शब्दही नाही. तो काही काळ दूर झाला, एवढंच आहे. आणि त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तुझं काही देणं लागत असेल ‘तर’... असं आहे. त्यातला तो ‘तर’ मी चार दिवस वाचलाच नव्हता! अभ्यासकांपैकी पुष्कळ जण तो पळून आला असावा असं मानतात, पण तो त्यांचा अंदाज. पत्रात लिहिलेलं वेगळं आणि आपण मनानं भरलेलं वेगळं.

मग मला डबा आठवला. त्या मुलानं पैसे घेताना कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. तो वर्गात एकटा होता, एवढंच काय ते खरं. बाकीचं आम्ही भरलं होतं.

सहाव्या दिवशी वाचलं की पौल मालकाला म्हणतो, त्याचं जे देणं असेल ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन. हे तो स्वतःच्या हातानं लिहितो, अगदी आपण सही करतो तसं. आणि लगेच पुढे म्हणतो की तू स्वतःच माझा किती ऋणी आहेस ते मी बोलत नाही. हे वाचून मला हसूच आलं. आई म्हणते ना, “मी काही बोलणार नाही हं, पण काल मी तुझ्यासाठी रात्री बारापर्यंत जागले.” अगदी तसंच!

सातव्या दिवशी शेवटाकडे लक्ष गेलं. पौल सांगतो, माझ्यासाठी राहायला खोली तयार ठेव, मी येईन असं वाटतं. म्हणजे काय? तू अनेसिमला कसं वागवलंस ते मी येऊन बघणार! आणि पत्राच्या मधोमध सगळ्यात मोठं मागणं आहे. त्याला गुलाम म्हणून नाही, तर गुलामापेक्षा अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे. फिलेमोनानं पुढे काय केलं? पत्रात ते नाही. दार उघडायचं की नाही हे वाचणाऱ्यावर सोडलेलं आहे.

त्या संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याची आई आजारी होती, म्हणून तो सकाळी पाणी भरून, धाकट्या बहिणीला आवरून मग शाळेत यायचा. म्हणून रोज उशीर. मी त्याला म्हटलं, “उद्या शाळेत ये. मला तुझ्याशी बोलायचंय, पण इथं नाही, वर्गात.” कारण अपमान मी सगळ्यांसमोर केला होता. मग माफी घराच्या कोपऱ्यात कशी मागायची? दुसऱ्या दिवशी तो आला. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. शंभर रुपये माझ्या पर्समधून काढून डब्यात टाकले आणि म्हटलं, “हा हिशेब माझ्या खात्यावर. आता यावर कुणी बोलायचं नाही.” पैसे कुणी घेतले ते मी पुन्हा विचारलं नाही. सहलीला तो माझ्या शेजारच्या सीटवर होता. वाटेत सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या त्यानंच भरून आणल्या.

आता या पत्राचं आणि आपल्या नाशिकचं एक नातं सांगते. सातपूरहून शहराकडे निघालं की थोड्याच अंतरावर शरणपूर लागतं. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीनं ही वस्ती वसवली. शरण आलेल्यांचं पूर ते शरणपूर. त्या काळी आफ्रिकेतून माणसं पकडून गलबतांत कोंबून विकायला नेत. इंग्रजांच्या आरमारानं अशी गलबतं पकडली की त्यातली पोरकी मुलं मुंबईला येत, आणि त्यांतली कितीतरी शरणपूरला. इथे ती शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत दीड हजार किलोमीटर वाहून नेणाऱ्यांत जेकब होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये त्यांचा दफनविधी झाला, तेव्हाही तो शवपेटीबरोबर होता. एके काळी विकला गेलेला मुलगा!

दुसरा विल्यम जोन्स. तोही शरणपूरला शिकलेला. पुढे मोंबासाजवळ रबाई इथं तो मिशनचं काम पाहायचा. पळून आलेल्या गुलामांना तिथे आसरा मिळे. १८८८ साली मालक त्यांना परत मागू लागले. अखेर १८८९च्या जानेवारीत मालकांना पैसे भरून हजाराहून जास्त माणसं मोकळी केली गेली. देणं दुसऱ्यानं फेडलं आणि माणूस सुटला! पत्रातलीच गोष्ट, नाही का?

पण एक उलटी गोष्टही सांगायला हवी. हेच पत्र १८५०च्या सुमारास अमेरिकेत गुलामांचे मालकही दाखवत. म्हणत, बघा, पौलानं गुलामाला परत पाठवलं, तुम्हीही आमचे पळालेले गुलाम परत पाठवा! त्यांनी ‘परत पाठवलं’ एवढंच वाचलं, ‘भाऊ म्हणून घे’ हे सोडून दिलं. पत्रात गुलामगिरी बंद करा असं सरळ लिहिलेलं नाही, हेही खरं. म्हणून तर अख्खं वाचायचं. अर्धवट वाचलेलं पुस्तक हातातल्या काठीसारखं असतं, कुणालाही मारायला उपयोगी पडतं.

मुलांनो, पुन्हा पुन्हा वाचणं आपल्याकडे नवीन नाही. सात दिवसांचं पारायण तुमच्या आजीला विचारा. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. विचार करा, एकेका ओळीवरून त्यांची नजर किती वेळा फिरली असेल!

तर या आठवड्याचा गृहपाठ. धर्म कोणताही असो, एक छोटं पुस्तक किंवा प्रकरण निवडा. ‘गीताई’चा बारावा अध्याय घ्या, २० श्लोकांचा. किंवा ‘श्यामची आई’मधली एक रात्र घ्या. (तेही साने गुरुजींनी १९३३ साली तुरुंगातच लिहिलं, आणि तेही आपल्या नाशिकच्या!) किंवा हेच पत्र घ्या. मग असं करा:

पहिला दिवस – न थांबता वाचा.
दुसरा – माणसांची नावं लिहा.
तिसरा – कोण काय करतो ते पाहा.
चौथा – अडलेला एक शब्द मोठ्यांना विचारा.
पाचवा – आपल्याला वाटलं होतं, पण लिहिलेलं नाही, असं काय आहे ते शोधा.
सहावा – मोठ्यानं वाचा. हसू कुठे येतं? राग कुठे येतो?
सातवा – यातलं माझ्याबद्दल काय आहे, ते एका ओळीत लिहा.

पाठ करायचं नाही हं! पाठ झालं की डोळे मिटून म्हणता येतं, आणि आपल्याला तर डोळे उघडून वाचायचंय.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. मूल म्हणालं, “हे तर वाचलंय,” तर लगेच नवं पुस्तक हातात देऊ नका. म्हणा, “मग आज पुन्हा वाच आणि काल न दिसलेलं एक सांग.” आणि जमलं तर शेजारी बसून तुम्हीही वाचा. रात्रपाळीहून आलेल्या बाबांनाही पाच मिनिटं पुरतात.

आणि हो, तो मुलगा आता आमच्या वर्गाचं वाचनालय सांभाळतो. पुस्तकं देताना प्रत्येकाला विचारतो, “कितव्यांदा?”

पुढच्या आठवड्यात भेटू या. तोपर्यंत वाचा, आणि पुन्हा वाचा!

तुमच्या बाई